एका छिद्राचा नऊ हजार वर्षांचा इतिहास : सामत्यापासून बॅटरीच्या ड्रिलपर्यंत

#थ्रेड #इतिहास

१/२०
घरात पडद्याची दांडी बसवायची असो वा इमारतीच्या कामावर काँक्रीटच्या खांबात बोल्ट, पहिला प्रश्न एकच असतो : ड्रिल कोणते घ्यावे? दुकानदार वॅट सांगतो, जाहिरात मिनिटाचे फेरे सांगते, शेजारी कंपनीचे नाव सांगतो. इतिहास मात्र चार वेगळे प्रश्न पुढे ठेवतो. समोरचा पदार्थ कोणता? शक्ती कोठून येणार? काम किती वेळ चालणार? आणि हत्यार कोणाच्या हातात राहणार? छिद्र पाडण्याचे आजचे प्रत्येक साधन यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मास आले. त्या उत्तरांचा हा धागा.

२/२०
आरंभ बलुचिस्तानात होतो. मेहेरगढ येथील नवाश्मयुगीन दफनभूमीत ९ व्यक्तींचे ११ दात सापडले, ज्यांत जाणीवपूर्वक पाडलेली छिद्रे आहेत. काळ आजपासून सुमारे ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीचा. हे संशोधन २००६ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. याच वसाहतीत मणी घडवणारे कारागीर गारगोटीच्या बारीक टोकांनी दगडाला भोके पाडत असत. तेच कौशल्य दातांकडे वळले असावे. संशोधकांनी तसेच टोक कमानीवर फिरवून पाहिले, तेव्हा दाताच्या कठीण आवरणात एका मिनिटाच्या आत छिद्र पडले. साधन साधे असूनही पुरेसे होते, कारण टोक पदार्थाला अनुरूप होते.

३/२०
‘टोक आधी, यंत्र नंतर’ हा नियम हडप्पा संस्कृतीने आणखी स्पष्ट केला. तिथले लांब, सडपातळ कार्नेलियनचे मणी मेसोपोटेमियापर्यंत पोहोचत. कार्नेलियन अतिशय कठीण असतो. त्यासाठी सिंधू खोऱ्यातील कारागिरांनी एका विशिष्ट कठीण दगडाची टोके वापरली. चान्हुदारोचे उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून अभ्यासक त्याला ‘अर्नेस्टाइट’ म्हणतात. प्रायोगिक पुरातत्त्वात हे काम पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा वेग निघाला तासाला सुमारे अडीच मिलिमीटर. म्हणजे ६ सेंटिमीटर लांबीच्या एका मण्याला अखंड २४ तासांचे श्रम. खंबायतचे मणी-कारागीर कमानीच्या साधनाची ही परंपरा पुढे चालवत आले. तिथे टोक हिऱ्याचे झाले, कमान तीच राहिली.

४/२०
महाराष्ट्रातील गावगाड्यात सुतार हा बलुतेदारांपैकी एक. करवत, रंधा, पटाशी, वाकस यांच्यासोबत त्याच्याकडे सामता असे. लाकडी दांड्याला खाली लोखंडी टोक, दांड्याभोवती कमानीची दोरी. कमान पुढे-मागे ओढली की दांडा गरगर फिरतो. इजिप्तमध्ये थीब्जच्या रेखमिरे याच्या थडग्यातील चित्रांत सुतार हेच साधन वापरताना दिसतात. एका हाताने दाब, दुसऱ्या हाताने गती, अशी ही विभागणी आहे. मात्र तिच्यात एक मूलभूत उणीव होती. कमान उलटली की टोकही उलटे फिरते. त्यामुळे टोक दोन्ही दिशांनी खरवडणारे ठेवावे लागते. एका दिशेने खोल कापत जाणारे धारदार पाते इथे चालत नाही.

५/२०
ही उणीव पंधराव्या शतकातील युरोपात दूर झालेली दिसते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, क्लॉइस्टर्स विभागात, ‘मेरोद अल्टारपीस’ नावाचे तीन फळ्यांचे चित्र आहे. रॉबेर कांपँ यांच्या कार्यशाळेतील ही कलाकृती साधारण १४२७ ते १४३२ या काळातली. उजव्या फळीवर जोसेफ सुतारकामाच्या बाकावर बसून फळीत भोके पाडत आहे. त्याच्या हातात कमान नाही. मध्ये वाक असलेला दांडा आहे. वरची मूठ एका हाताने दाबायची आणि मधला वाक दुसऱ्या हाताने गोल फिरवायचा. गती प्रथमच अखंड आणि एकाच दिशेने मिळू लागली. आजही वीज नसलेल्या ठिकाणी जाड लाकडात मोठे भोक पाडण्यास हे साधन उत्तम ठरते. ते आवाज करत नाही आणि लाकूड जाळत नाही.

६/२०
एकाच दिशेची गती मिळाल्यावर टोकाचा आकार बदलणे शक्य झाले. १८६३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या स्टीफन मोर्स यांनी पिळाच्या बिटचे पेटंट घेतले. आज कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पोलादी बिट त्याच कुळातले. त्याच्या अंगावरील दोन नागमोडी खोबणी नक्षीसाठी नसतात. टोक कापत जाते आणि कापलेला कीस त्या खोबणीतून वर येतो. कीस आत अडकला, तर बिट तापते, धार जाते आणि शेवटी बिट तुटते. छिद्र पाडणे हे अर्धे काम कापण्याचे आणि अर्धे काम कचरा बाहेर काढण्याचे असते. ही गोष्ट पुढे चंद्रावर फार महागात पडणार होती.

७/२०
आता प्रश्न शक्तीचा. १८८९ साली मेलबर्नमध्ये आर्थर जेम्स अर्नॉट आणि विल्यम ब्लांच ब्रेन यांनी विजेच्या ड्रिलचे पेटंट घेतले. त्याचा रोख खडक आणि कोळसा फोडण्यावर होता. हातात धरून वापरता येईल असे विजेचे ड्रिल १८९५ साली जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात ‘फाइन’ या कंपनीने बनवले. ते अवजड होते, दोन्ही हातांनी धरून अंगाच्या जोराने दाबावे लागे. तरीही एक मोठी क्रांती घडली होती. तोवर कारखान्यात लोखंडी वस्तू यंत्रापाशी न्यावी लागे. आता यंत्र वस्तूपाशी जाऊ लागले. ‘जॉबसाइट’ या कल्पनेचे मूळ या उलटापालटीत आहे.

८/२०
१९१० साली बाल्टिमोरमध्ये एस. डंकन ब्लॅक आणि अलॉन्झो डेकर या दोन तरुणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घालून छोटा कारखाना काढला. ब्लॅक यांनी त्यासाठी आपली मोटार विकली. आरंभी ते इतरांच्या मागणीनुसार किरकोळ यंत्रे बनवत. पुढे त्यांनी ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा चाप दिला. कोल्ट पिस्तुलावरून ही कल्पना सुचल्याची कथा कंपनीच्या परंपरेत सांगितली जाते. १९१७ साली पेटंट मिळाले. चापाचे महत्त्व सोयीपुरते नव्हते. बोट सैल पडताच यंत्र थांबते. हात घसरला, तोल गेला, तरी फिरणे आपोआप बंद होण्याची शक्यता वाढली. हत्याराच्या रचनेत माणसाच्या हाताचा विचार इथे ठळकपणे शिरला.

९/२०
या ड्रिलमधील मोटर ‘युनिव्हर्सल’ प्रकारची होती. त्या काळी काही वस्त्यांत एकदिश वीज होती, तर काही ठिकाणी प्रत्यावर्ती. ही मोटर दोन्हींवर चाले. शिवाय ती आकाराने लहान आणि वेगाने फार जलद असे. आजची तारेची बहुतेक ड्रिले याच प्रकारच्या मोटरवर चालतात. तिचे दोषही तेव्हापासून आहेत : आवाज मोठा आणि आतील कार्बन ब्रश झिजत जातात. म्हणून जुना मिस्त्री नवे यंत्र घेताना ब्रश बाहेरून बदलता येतात का, सुटे भाग गावात मिळतात का, हे आधी विचारतो. वॅटच्या आकड्यापेक्षा हा प्रश्न यंत्राचे आयुष्य अधिक ठरवतो.

१०/२०
घरगुती ड्रिलचा जन्म मात्र काहीशा चोरीतून झाला! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील शस्त्रास्त्र कारखान्यांतून ड्रिले नाहीशी होऊ लागली आणि नव्याने मागणी येऊ लागली. कामगार ती घरी नेत होते. अलॉन्झो डेकर (धाकटे) यांनी या तक्रारीत बाजारपेठ पाहिली. ज्या माणसाने युद्धकाळात यंत्र हाताळले आहे, त्याला ते स्वतःच्या घरीही हवे आहे. १९४६ साली पाव इंची ‘होम युटिलिटी’ ड्रिल १६.९५ डॉलरला बाजारात आले. तोवर विजेचे हत्यार हे कारखान्याचे भांडवल होते. आता ते कुटुंबाच्या कपाटात आले.

११/२०
इथून एकाच हत्याराचे दोन वंश झाले. घरगुती यंत्र हलके आणि स्वस्त. ते वर्षातून काही तास चालावे, या हिशोबाने बांधलेले. कामावरचे यंत्र जड आणि महाग. ते रोज, तासन्‌तास, धुळीत चालावे, या हिशोबाने बांधलेले. पुढे या विभागणीचा फटका तिच्या जनकांनाच बसला. घरगुती नावामुळे अमेरिकेतील कारागीर त्यांच्या व्यावसायिक यंत्रांकडे पाठ फिरवू लागले. तेव्हा १९९२ साली ब्लॅक अँड डेकरने १९६० मध्ये विकत घेतलेले ‘डीवॉल्ट’ हे नाव पिवळ्या रंगात नव्याने पुढे आणले. बॉश कंपनीनेही घरगुती यंत्रांना हिरवा आणि व्यावसायिक यंत्रांना निळा रंग ठेवला. दुकानातील रंग ही अशी वर्गवारी आहे. घरी वर्षाला दहा भोके पाडणाऱ्याने रोजगारी यंत्राची किंमत मोजण्याचे कारण नाही. आणि ठेकेदाराने घरगुती यंत्र मजुराच्या हाती देणे ही काटकसर ठरत नाही.

१२/२०
आता पदार्थ. लाकडात स्क्रू स्वतः घट्ट बसतो. भिंतीत बसत नाही. पूर्वी भिंतीत चौकोनी खोबण खोदून लाकडी खुंटी ठोकत आणि तिच्यात खिळा मारत. भिंतीचा मोठा भाग त्यात खराब होई. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींना इजा न करता विजेची उपकरणे बसवायची होती. त्या कामासाठी जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी तागापासून बनवलेली बारीक नळी शोधली आणि १९११ साली तिचे पेटंट घेतले. स्क्रू आत शिरला की नळी फुगून भिंतीला आवळते. हाच ‘रॉल प्लग’. आज तो प्लास्टिकचा असतो. त्याच्यामुळे भिंतीला मोठ्या खोबणीऐवजी लहान, अचूक, गोल छिद्र पुरेसे झाले.

१३/२०
पण वीट आणि दगड पोलादी बिटची धार पाहता पाहता खातात. याचे उत्तर जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आणले : टंगस्टन कार्बाइड. व्यापारी नाव ‘विडिया’, म्हणजे जर्मन भाषेत ‘हिऱ्यासारखे’. भारतातील कारागीर आजही कार्बाइडच्या टोकाला ‘विडिया’ म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीचे एक व्यापारचिन्ह असे बोलीत टिकून आहे. हडप्पाच्या कारागिराने अर्नेस्टाइट निवडला, खंबायतने हिरा, आजच्या मिस्त्रीने विडिया. प्रश्न तोच आहे. लाकडाचे बिट वेगळे, लोखंडाचे वेगळे, भिंतीचे वेगळे. एकाच बिटने सर्व कामे करू पाहणारा यंत्राला नाहक दोष देतो.

१४/२०
काँक्रीटपुढे फिरणारे कठीण टोकही अपुरे पडते. तिथे आघात लागतो. इथे दोन यंत्रांची हमखास गल्लत होते. ‘इम्पॅक्ट ड्रिल’मध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून असंख्य बारीक ठोके देतात, त्यासाठी माणसाला मागून जोर लावावा लागतो. ‘रोटरी हॅमर’मध्ये दट्ट्या हवा दाबतो आणि त्या हवेच्या उशीने आतला हातोडा बिटवर आदळतो, ठोका यंत्र देते, माणसाने फक्त धरून ठेवायचे. बॉशने असे विजेचे यंत्र १९३२ साली आणले. विटांच्या भिंतीला किंवा कोकणातील जांभ्याला इम्पॅक्ट ड्रिल पुरते. मुंबई-पुण्याच्या इमारतीतील आरसीसी तुळईला मात्र रोटरी हॅमरच हवे. आणि हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीवर आघात बंदच ठेवावा, अन्यथा छिद्र ढासळते.

१५/२०
तार कापली जाण्याचा क्षण १९६१ चा. त्या वर्षी ब्लॅक अँड डेकरने निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारे ड्रिल आणले. समाजमाध्यमांवर वारंवार फिरणारा दावा असा की, बिनतारी ड्रिल नासाने शोधले. कालक्रम उलट आहे. ड्रिल आधी आले. नासाच्या मोहिमांसाठी ते तंत्र नंतर वापरले गेले. अपोलो १५, १६ आणि १७ या मोहिमांत अंतराळवीरांनी चंद्राच्या पृष्ठभागावर बॅटरीचे ड्रिल चालवले. जिथे भिंतीत विजेचा खटका नाही, तिथे शक्ती सोबत न्यावी लागते. चंद्र हे या प्रश्नाचे सर्वांत टोकाचे उदाहरण.

१६/२०
१९७१ च्या अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांना उष्णतामापक बसवण्यासाठी सुमारे ३ मीटर खोल छिद्रे हवी होती. पहिले छिद्र साधारण १.६ मीटरवर अडले. मातीचा नमुना घेण्यासाठी खोल घातलेली नळी तर स्कॉट आणि जेम्स आयर्विन या दोघांना मिळून मोठ्या कष्टाने उपसावी लागली. छिद्राच्या दांड्याचे तुकडे जिथे जोडले जात, तिथे पिळाची खोबण अखंड नव्हती. कापलेली चांद्रधूळ तिथे अडकून दांडा जखडला. पुढच्या मोहिमेसाठी दांड्याची रचना बदलली आणि नळी उपसण्यास जॅक दिला. मोर्सच्या १८६३ च्या खोबणीचा धडा चंद्रावर पुन्हा शिकावा लागला : शक्ती वाढवण्याआधी कचऱ्याची वाट मोकळी हवी.

१७/२०
पृथ्वीवर मात्र बॅटरीची ड्रिले दीर्घकाळ दुबळी मानली गेली. जपानच्या माकिताने १९७८ साली निकेल-कॅडमियमचे ड्रिल आणून ती कामावर रुजवली. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली होती. २००५ मध्ये मिलवॉकी कंपनीने २८ व्होल्टची हत्यारे आणली आणि चित्र पालटले. विषारी कॅडमियममुळे युरोपीय संघाने २०१६ अखेर हत्यारांतील जुन्या बॅटऱ्यांची विक्री थांबवली. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल लिथियम-आयनच्या तीन जनकांना मिळाले. आता ग्राहक ड्रिल निवडतो असे वाटते. प्रत्यक्षात तो बॅटरीचे घराणे निवडतो. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्रात बसत नाही. पहिले यंत्र घेताना पुढची तीन यंत्रे डोळ्यांपुढे असावीत.

१८/२०
उरतो चौथा प्रश्न : हत्यार कोणाच्या हातात? १९१८ साली डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्डच्या चुनखडी खाणींच्या परिसरात गेल्या. तिथले पाथरवट हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरत. थंड सकाळी त्यांची बोटे पांढरी फटक आणि बधिर होत, विशेषतः छिन्नी धरणाऱ्या हाताची. हॅमिल्टन यांनी याचा संबंध यंत्राच्या कंपनांशी जोडला. पुढच्याच वर्षी त्या हार्वर्डच्या पहिल्या महिला अध्यापक झाल्या. ब्रिटनमध्ये या विकाराला भरपाईयोग्य व्यवसायजन्य रोगाचा दर्जा मिळायला १९८५ उजाडले. यंत्राने दिवसाचे काम तासावर आणले. वाचलेला वेळ मात्र मजुराला विश्रांती म्हणून मिळाला नाही. त्याच हातांनी त्याच दिवशी अधिक छिद्रे पाडली.

१९/२०
म्हणून काही आकडे वॅटपेक्षा मोलाचे आहेत. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार हाताला बसणारे कंपन ८ तासांच्या दिवसात प्रति सेकंद वर्ग २.५ मीटरवर गेले की उपाय सुरू करावे लागतात, आणि ५ मीटर ही कमाल मर्यादा आहे. चांगल्या यंत्राच्या माहितीपत्रकात कंपनाचा आकडा छापलेला असतो. ब्रिटनमधील बांधकामांवर ११० व्होल्टची खास वीज वापरतात. तिची रचना अशी की जमिनीशी धक्का ५५ व्होल्टपुरताच राहतो. चौकोनात चौकोन हे चिन्ह दुहेरी विद्युतरोधनाची ग्वाही देते. काँक्रीटची बारीक धूळ सिलिकायुक्त असते आणि फुप्फुसात साठते. मुखपट्टी आणि धूळ ओढणारी नळी हा त्याच हत्याराचा भाग आहे, शोभेची जोड नव्हे.

२०/२०
मेहेरगढच्या कारागिराकडे निवडीला वाव थोडा होता. तरी त्याने टोक पदार्थाप्रमाणे निवडले. आज वाव मोठा आहे, म्हणून चार प्रश्नांचा क्रम सांभाळावा. भिंत कशाची आहे ते आधी पाहावे आणि त्याप्रमाणे बिट घ्यावे. जवळ खटका असेल तर तारेचे यंत्र कमी किमतीत अधिक काळ साथ देते. शिडीवर, गच्चीवर, वीज नसलेल्या बांधकामावर बॅटरी. वर्षाला काही तासांचे काम असेल, तर घरगुती यंत्र किंवा भाड्याचे पुरते. दोन-चार भोकांसाठी लाकडात हातानेच गिरमिट फिरवावे. रोजचे काम असेल, तर कंपन कमी, सुटे भाग उपलब्ध आणि विद्युतरोधन पक्के असलेलेच घ्यावे, मग ते यंत्र स्वतः चालवायचे असो वा दुसऱ्याच्या हाती द्यायचे. छिद्र एका मिनिटात पडते. ते पाडणारा हात चाळीस वर्षे वापरायचा असतो.